डाव्या मडगार्डाची रेष

२१ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास, म्हणून आज पाँचकी, आमचे जॅम भरलेले तळलेले पोलिश गोड पाव. बेकरीसमोर थंडीत नेहमीसारखी रांग. एकच खायचं ठरवलं होतं, चार झाली. उपास उद्यापासून आहे, आजपासून नाही.

नवी वही आहे तर संकल्प लिहून टाकतो. मे महिन्यात माझी जुनी मेरिडियन गाडी ताडपत्रीखालून बाहेर काढायची आणि १९ ऑगस्टला वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते तिच्यात स्वतः चालवायची. बायको, जेनी, गेल्यापासून दोन वर्षं नेली नाही. यंदा नेणार. जुन्या सोबत्याला, वेंडेलला, शेजारी बसवणार. दुसरं म्हणजे कंपनीच्या डिझाइन खात्याच्या प्रमुखाला पत्र लिहून नव्या गाड्यांबद्दल खरं काय ते सांगायचं. त्या खात्यात एकतीस वर्षं मातीकाम केलंय. गाडी पत्र्यात यायच्या आधी आम्ही ती मातीत करायचो, पूर्ण आकाराची, पोलादी पात्यांनी खरवडून. मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

तिसराही एक संकल्प होता. डोरीनशी वाद घालायचा नाही, असं काहीतरी.

या वहीच्या रेघा फार फिक्या छापल्यात. वहीसुद्धा धड करता येत नाही हल्ली कोणाला.

२५ फेब्रुवारी, शनिवार

शोरूममध्ये जाऊन आलो. घ्यायचं काही नव्हतं, फक्त निरीक्षण.

रंग म्हणजे पांढरा, काळा आणि मधले वीस करडे. ७२ साली आमच्याकडे पिवळेच तीन होते. जेनीने लोण्याचा पिवळा निवडला होता, आणि त्या दुकानातल्या माणसाला म्हणाली होती, नवरा याच कंपनीत आहे, पण रंग मी ठरवणार. आता ठरवायला उरलंय काय?

तोंडं सगळी रागावलेली. दिवे बारीक, जाळी वासलेली. कोणावर एवढा राग आहे कळत नाही. आत बसलो तर बटण म्हणून नाही. हीटर लावायचा तर पडद्यावर बोट फिरवत चार खोल्या पार करायच्या, आणि अक्षरं मुंगीएवढी, करड्यावर करडी. पुढच्या काचेचे खांब एवढे जाड की चौकातला अख्खा माणूस त्यामागे नाहीसा होतो. मग टक्कर होऊ नये म्हणून कॅमेरे लावतात. आधी भिंत बांधायची आणि मग भोक पाडायचं.

पण खरा धक्का बाहेर बसला. पिकअपच्या अंगाला समोरच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एक रेष जाते, तिच्याकडे डोळा लावून बघितलं. दाराच्या कडीखाली रेष खचलेली. मधोमध. दुसरी गाडी पाहिली, तीही खचलेली. अंगणातल्या बावीस गाड्या पाहिल्या. सेल्समनला बोलावून दाखवलं, तर तो वाकून बघतो आणि म्हणतो, सर, मला तरी सरळ दिसतेय. आता यांना सरळ आणि वाकडं कळत नाही आणि हे गाड्या विकतात.

अख्खी इंडस्ट्री मधोमध खचली आहे.

३ मार्च, शुक्रवार

पत्र लिहिलं. सहा पानं. शेवटी लिहिलं की, माती आता मशीन कापतं, माणूस नुसता बाजूला कॉफी घेऊन उभा असतो, म्हणून रेष खचते. चूक दाखवली की म्हणाल कायदे कडक आहेत, हवेचा विरोध मोजावा लागतो, बॅटरी जड असते. नाचता येईना अंगण वाकडं. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं, म्हणून दोनदा लिहिलं.

संध्याकाळी युनियन हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण. वेंडेल पिट्स भेटला. तीस वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर. मेरिडियनच्या मातीच्या मॉडेलचं मागचं डावं मडगार्ड माझं, उजवं त्याचं. ७१ साली थोरले साहेब मॉडेलभोवती फिरले आणि डाव्या बाजूला येऊन बराच वेळ थांबले. कौतुकाने. वेंडेल म्हणतो, ॲशट्रे त्या बाजूला होता म्हणून थांबले. बावन्न वर्षं झाली, आमचा निकाल लागलेला नाही.

त्याला पिकअपच्या रेषेचं सांगितलं. तो म्हणाला, लेका, आधी तुझ्या बाजूचं बोल, मेरिडियन डावीकडून बघितली की अजून थकलेली दिसते. मग मासा खाता खाता म्हणाला, आणि चष्मा बदल, तू मघापासून सॉस समजून माझ्या कॉफीत बटाटा बुडवतोयस.

हॉलमधले दिवे फार मंद असतात. यावर कोणी बोलत नाही.

१९ मार्च, रविवार

डोरीन आली. माझी एकुलती एक मुलगी, वय एक्कावन्न, गाडी जपानी. माझ्या गॅरेजवर पत्र्याची पाटी आहे: फक्त अमेरिकन गाड्या. त्यामुळे ती गाडी कोपऱ्यावर लावून बर्फातून सूपचं भांडं घेऊन चालत येते. अकरा वर्षं येतेय. मी नियम केला तेव्हा वाटलं होतं की सहा महिन्यांत गाडी बदलेल. आईवर गेलीय, हट्टी.

आज म्हणाली, डॅड, माझ्या गाडीला सात एअरबॅग आहेत आणि ती अकरा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. मी म्हटलं, बंद न पडणं हा काही गुण नव्हे, फ्रिजही बंद पडत नाही. तर म्हणाली, तुझ्या मेरिडियनमध्ये टक्कर झाली तर स्टिअरिंग छातीत घुसेल. मी म्हटलं, टक्कर करायचीच कशाला?

मग टेबलावरची ही वही तिच्या नजरेला पडली. वाचली नाही, नुसती बघितली, आणि म्हणाली, डॅड, तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्यात. मी म्हटलं, रेघा फिक्या आहेत. ती म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. मी म्हटलं, बघू.

वाद घातला नाही. संकल्प पाळला.

१२ एप्रिल, बुधवार

बाजारातून परत येताना शेजाऱ्यांचे दोन कचऱ्याचे डबे पडले. नगरपालिकेने डबे करडे केलेत. रस्ताही करडा, आकाशही करडं. मग कोणी काय करायचं? शेजारीण बाहेर आली. मी उतरून डबे उभे केले. ती म्हणाली, असू द्या, मिस्टर ड्रॉबनिक, आज डबेच होते. त्या ‘आज’चा अर्थ मला कळला नाही.

चौकही वाईट झालेत. सिग्नल उंच टांगलेले आणि बारीक. हल्ली मी पुढच्या गाडीचे मागचे दिवे लाल झाले की थांबतो. नव्या गाड्यांची तेवढी एक गोष्ट चांगली, मागचे दिवे भडक असतात. पुढे गाडी नसली तर मागचा हॉर्न वाजवून सांगतो. लोक मदत करतात.

जेनी शेजारी बसली की सारखी बोलायची. लाल आहे, कॅझ. आता हिरवा. डावीकडून बाई चाललीय, कॅझ, जाऊ दे तिला. मी म्हणायचो, दिसतंय मला, मी काय आंधळा आहे? शेवटची चार-पाच वर्षं तर फारच. आजारी पडल्यावरसुद्धा मांडीवर शाल घेऊन बसायची आणि सांगत राहायची. बायकांना सवय असते.

आता गाडीत इतकं शांत असतं की चौकात काय चाललंय तेच कळत नाही.

२१ एप्रिल, शुक्रवार

कंपनीचं उत्तर आलं. अक्षर बारीक होतं म्हणून भिंग लावून वाचलं. माझ्या आस्थेबद्दल आभार मानलेत, आणि सोबत एक टोपी पाठवलीय. रेषेबद्दल एक अक्षर नाही. याचा अर्थ त्यांना ठाऊक आहे.

टोपी बरी आहे. करडी.

६ मे, शनिवार

मेरिडियन बाहेर काढली. बॅटरी लावली, तिसऱ्या फटक्याला सुरू. असा आवाज आता ऐकायला मिळत नाही. हल्ली इंजिनाचा आवाज स्पीकरमधून काढतात म्हणे. पुढे गाडीही स्पीकरमधूनच काढतील.

मागच्या सीटवर उंदरांनी घर केलेलं, साफ केलं. जेनीचा एक हातमोजा सापडला, तो परत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. मग गाडी पुसली, दहा पावलं मागे गेलो, नेहमीप्रमाणे गुडघ्यावर बसून डाव्या मडगार्डाची रेष बघितली.

खचलेली.

मधोमध, टेललाइटच्या हातभर अलीकडे. माझी रेष. घरात गेलो, पाणी प्यायलो, परत आलो. तरी खचलेली.

उजवीकडे जाऊन बघितलं. तीही खचलेली. पण वेंडेलची बाजू पहिल्यापासून तशीच आहे.

७ मे, रविवार

कारण सापडलं. ताडपत्री. हिवाळ्यात छपराच्या फटीतून पाणी गळून ताडपत्रीवर बर्फ धरतो, त्याचं वजन पत्र्यावर आलं. दोन वर्षं गाडी हलली नाही त्याचा परिणाम.

आमचा फोरमन ब्रूनो सांगायचा, डोळा चहाटळ असतो, हात इमानदार. रेष तपासायची तर डोळे मिटा आणि तळहात फिरवा. म्हणून फिरवला. हात म्हणाला, सरळ. पुन्हा फिरवला. पुन्हा सरळ.

हातावर विश्वास ठेवायचा तर डोळ्यांचं काय, हा प्रश्न उभा राहतो. मी शांतपणे विचार केला. हात अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होत आलाय, बोटांना घट्टे आहेत, हिवाळ्यात मुंग्या येतात. डोळेही तेवढ्याच वयाचे हे खरं, पण डोळ्यांनी जन्मात कधी अंगमेहनत केलेली नाही. तेव्हा झिजलाय तो हातच.

निर्णय: पुट्टी लावून रेष सरळ करायची. ऑगस्टपर्यंत भरपूर वेळ आहे.

२३ मे, मंगळवार

पत्र्यापर्यंत रंग घासला. लोण्याचा पिवळा भुकटी होऊन जमिनीवर पडला. जरा कसंसंच झालं. पण सर्जन रक्ताला घाबरत नाही.

पुट्टीचा पहिला थर दिला.

३० मे, मंगळवार

दुसरा थर. अजून खचलेली दिसते.

८ जून, गुरुवार

चौथा थर. पॉलिश पेपरने घासताना हाताला उगाच काहीतरी फुगवटा लागल्यासारखं वाटतं. हाताकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरलंय. मोजे घालून काम करतो.

१४ जून, बुधवार

११ जुलैला लायसन्सची मुदत संपते. लायसन्सच्या ऑफिसात मशीनमध्ये कपाळ टेकवायला लावलं. आत बघून मी अक्षरं वाचली. काउंटरवरची बाई म्हणाली, सर, मी अजून मशीन चालू केलेलं नाही. मी म्हटलं, मला वाटलं सराव आहे. मग चालू करून परत वाचायला लावलं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरने भरायचा एक फॉर्म दिला. स्वभावाने चांगली होती.

डोरीनला सांगितलं नव्हतं. तरी तिनेच डॉक्टरची वेळ घेतली. ती सांगत नाही तिला कसं कळलं. मला शेजारणीचा संशय आहे.

१५ जून, गुरुवार

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सभ्य. मला एक चौकटी छापलेलं कार्ड दिलं, आलेखाच्या कागदासारखं. म्हणाली, एक डोळा झाका, मधल्या ठिपक्याकडे बघा, रेघा कशा दिसतात सांगा. मी सांगितलं, छपाई खराब आहे. मधोमध सगळ्या रेघा खचल्यात, आणि ठिपका तर छापायचाच राहिलाय.

ती म्हणाली, कार्ड ठीक आहे, मिस्टर ड्रॉबनिक. तुमच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. दोन्ही डोळ्यांत. बरीच वर्षं झिजत असणार. आता तो भरून येत नाही. मधलं दिसणं कमी होत जाईल, कडेचं राहील.

डोरीन शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला. बऱ्याच वर्षांनी.

सारांश: माझ्या कडा उत्तम आहेत. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. फॉर्मवर मात्र सही केली नाही.

घरी आल्यावर माझी पोलादी पट्टी काढली, कंपनीची, एकतीस वर्षं वापरलेली. कार्डावर ठेवून रेघ तपासणार होतो. तर पट्टीही वाकलेली. हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणली. तीही तशीच. हल्ली पट्ट्याही बाहेरून येतात.

११ जुलै, मंगळवार

वाढदिवस. डोरीनने केक आणला. कोपऱ्यावरून उन्हात चालत आली, म्हणून क्रीम एका बाजूला कललं होतं. की नव्हतं, देव जाणे.

केक खाऊन झाल्यावर म्हणाली, डॅड, आजपासून तुझ्याकडे लायसन्स नाही. किल्ल्या दे. मी म्हटलं, लायसन्स ही कागदाची गोष्ट आहे. मग ती म्हणाली, शेजारणीची नात त्या डब्यांच्या मागे सायकल घेऊन उभी असायची. तू डबे पाडलेस त्या दिवशी ती शाळेत होती म्हणून. एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही.

मला माहीत नव्हतं.

रोजच्या गाडीची किल्ली दिली. ती नाहीतरी कंटाळवाणी आहे, करडी आणि खचलेली. मेरिडियनची किल्ली कॉफीच्या डब्यात आहे, ती तिने मागितली नाही आणि मी काढली नाही. एकच दिवस चालवायची. मिरवणुकीत गाड्या ताशी दहा मैलांनी चालतात, माणूस पळतो साधारण तेवढ्याच वेगाने. तिथे पुढे कायम गाडी असते. पुढची थांबली की मी थांबणार.

२ ऑगस्ट, बुधवार

सात थर झाले. रंगवाल्याकडून लोण्याचा पिवळा जुळवून आणला. तो मडगार्ड बघायला घरी येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. मी स्वतः मारला. तीन हात.

दहा पावलं मागे जाऊन गुडघ्यावर बसलो. रेष अगदी सरळ. दारापासून टेललाइटपर्यंत ताणलेल्या दोरीसारखी. ७१ मध्येही एवढी चांगली झाली नव्हती. हे मी आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम आहे. जेनी असती तर म्हणाली असती, आता पुरे, जेवायला ये.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्याची तयारी. कंपनीची टोपी. थर्मास. जेनीचा हातमोजा तिथेच राहू दे. वेंडेल सात वाजता येणार. त्याला मुद्दाम काही सांगितलं नाही. बघू दे.

१९ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ

दिवस यशस्वी. क्रमाने लिहितो.

वेंडेल सातला आला. मेरिडियन दारात उभी होती. त्याने नेहमीप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली, स्वतःच्या मडगार्डावर थाप मारली, डावीकडे आला आणि थांबला. बराच वेळ. मी कॉफी ओतत होतो, पण लक्ष तिकडेच. मग त्याने तळहात ठेवला आणि हळूहळू दारापासून टेललाइटपर्यंत नेला. मग परत आणला.

म्हणाला, छान आहे, कॅझ. तुझी बाजू छान आहे.

बावन्न वर्षांनी कबूल केलं. कॉफी सांडली.

मग म्हणाला, किल्ली दे, मीच चालवतो, बाजूच्या सीटवर माझे गुडघे मावत नाहीत. खरं तर बाजूची सीट जास्त मोकळी आहे. पण एवढं कबूल केल्यावर नाही कसं म्हणणार? दिली.

वुडवर्डवर दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून लोक सकाळपासून बसलेले. पिवळ्या रंगाला टाळ्या मिळाल्या. दहा मैलांच्या वेगाने मी लोकांना हात हलवले. एका थांब्यावर खुर्चीतला एक माणूस ओरडला, काका, मागे डावीकडे कोणी ठोकलं का? वेंडेलने काच खाली करून त्याला असं काही बजावलं की चर्चचा डीकन, म्हणजे धर्मसेवक, असलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभलं नाही. लोकांना जुन्या डिझाइनची ओळखच राहिली नाही.

एक गोष्ट खटकली. वेंडेलने दिवसभरात एकदाही टोमणा मारला नाही. डाव्या बाजूवर नाही, माझ्या टोपीवर नाही, कशावरच नाही. उतरताना माझ्यासाठी दार उघडलं. त्याची तब्येत बरी नसावी.

२० ऑगस्ट, रविवार, सकाळ

वेंडेलची तब्येत ठणठणीत आहे. फोन केला होता. चर्चला निघाला होता, गात होता.

मग गॅरेजमध्ये गेलो. मोजे काढले. डोळे मिटले. डाव्या मडगार्डावर दाराजवळ तळहात ठेवला आणि मागे नेला.

पुट्टीचं टेंगूळ. अंगठ्याएवढं उंच, हातभर लांब, पिवळं, गुळगुळीत. मी घासून घासून गुळगुळीत केलेलं.

उजवीकडे गेलो. वेंडेलची बाजू सरळ. पहिल्यापासून सरळच असणार.

माझीही होती. मे महिन्यात हाताने दोनदा सांगितलं होतं.

जमिनीवर बसून राहिलो. सेल्समन बरोबर होता. कार्ड बरोबर होतं. दोन्ही पट्ट्या बरोबर होत्या. आणि जेनी मांडीवर शाल घेऊन बोलत राहायची ती सवय नव्हती. तिला माझ्याआधी कळलं होतं, आणि मला लाज वाटू नये म्हणून ती डॉक्टरकडे चल म्हणाली नाही, नुसती सिग्नल सांगत राहिली. स्वतः एवढी आजारी असताना.

प्रार्थनेला गेलो नाही.

२२ ऑगस्ट, मंगळवार

डोरीनला बोलावून पत्र टाइप करून घेतलं. मजकूर:

महाशय, ३ मार्चच्या पत्रात मी तुमच्या गाड्यांची रेष मधोमध खचल्याचं कळवलं होतं. ती तक्रार मी मागे घेतो. रेष सरळ आहे. दोष माझ्या बाजूला होता. पडदे, जाड खांब, रागावलेली तोंडं आणि करडे रंग याबद्दलच्या बाकीच्या तक्रारी कायम आहेत. टोपीबद्दल आभार. आपला, कॅझिमिर ड्रॉबनिक, निवृत्त.

टाइप करताना ती मध्येच थांबली. मी म्हटलं, काय झालं, स्पेलिंग येत नाही का? म्हणाली, येतंय, डॅड.

कॉफीचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने झाकण काढून आत बघितलं आणि परत लावलं. म्हणाली, असू दे तुझ्याकडेच. मी म्हटलं, नको.

२४ ऑगस्ट, गुरुवार

वेंडेल स्वतःची जुनी पाती घेऊन आला. आम्ही पुट्टी खरवडली. तो बघून, मी डोळे मिटून. सात थर काढायला दुपार गेली. खाली पत्रा लागला तेव्हा मी तळहात ठेवला.

हात धुताना विचारलं, शनिवारी खोटं का बोललास? तो म्हणाला, मग काय करू, तिथे दारात उभा राहून रडू?

निघताना गाडीपासून दहा पावलं मागे गेला, वाकला आणि म्हणाला, काही म्हण लेका, डावीकडून अजून थकलेलीच दिसते.

बरं वाटलं.

२७ ऑगस्ट, रविवार

जाड काळ्या मार्करने लिहितोय. पानात चार ओळी बसतात, वही आज संपेल.

सकाळी शिडीवर चढून गॅरेजवरची पाटी काढली. एक स्क्रू गंजला होता, पत्रा वाकवून काढला. डोरीनला फोन करून सांगितलं, गाडी आत घे. ती म्हणाली, कुठे आत? मी म्हटलं, आत म्हणजे आत, दारात. अकरा वर्षांनी तिची गाडी दारात आली.

ती भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी गाडीच्या अंगावरून हात फिरवला. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत. कोणीतरी जपानमध्ये मातीत केलेली असणार आधी. चांगली आहे. कुठेही खचलेली नाही. हे तिला सांगितलेलं नाही.

मग जेनीच्या कबरीवर फुलं ठेवायला गेलो. डोरीन चालवत होती, मी उजवीकडे, जेनी बसायची तिथे. मांडीवर फुलं. मोठ्या चौकात गाडी थांबली. पुढे कोणाचे दिवे दिसले नाहीत, म्हणून मी विचारलं, लाल आहे का?

ती म्हणाली, हो, डॅड, लाल आहे.

थोड्या वेळाने म्हणाली, आता हिरवा.

जेनीही अगदी असंच सांगायची. मी तिच्यावर ओरडायचो.